काळ्या बॉनेटवरचं कुंकू

प्रिय आक्का,

तुझ्या एका स्वस्तिकाची खरी किंमत तीन मायक्रॉन. माणसाच्या केसाचे उभे वीस काप केले, तर त्यातला एक काप. रंगाच्या वर जो पारदर्शक थर असतो, ज्याच्यामुळे काळी गाडी काळी दिसते, राखाडी दिसत नाही, तो थर मी तुझ्यापायी दर दसऱ्याला तेवढा खरवडत आलो. शिवाय माझी एक अख्खी दुपार, आणि उजवा खांदा. बिल कधी केलं नाही. कुणाच्या नावाने फाडणार होतो?

आज लिहायला बसलो, कारण दसरा होऊन गेला. तुझ्याशिवायचा पहिला. वर्षभर माझ्या शेडमध्ये झाकून ठेवलेली तुझी गाडी मी तुझ्या सासरी धारला पोचवून आलो, आणि आज सकाळी शटर उघडलं तर कोपरा रिकामा. तिथे आता फक्त चार टायरांच्या खुणा आहेत. पोरं म्हणाली, "भिया, यहाँ फर्श धो दें?" मी म्हटलं, आज नको.

तुझ्या अभिला हे पत्र दाखवता येणार नाही. मराठी बोलतो कसाबसा, वाचायचं म्हटलं की म्हणतो, "मामा, व्हॉइस नोट टाक ना यार." तू त्याला पुस्तकं आणून द्यायचीस, त्याने इंग्रजी शाळेच्या दप्तराखाली दाबून ठेवली. असो. पत्र तुला आहे, त्याला नाही.

आक्का, तुला तो पहिला दसरा आठवतो का? भाऊजींना जाऊन सहा-सात महिने झाले असतील. गंधवानीच्या तहसीलीतून रिटायर झाल्यावर त्यांनी हौसेने काळी गाडी घेतली होती. मी तेव्हाच म्हटलं होतं, "भाऊजी, काळी नको. काळी गाडी म्हणजे घरात सून आणण्यासारखं, सगळं दिसतं आणि सगळे बघतात." ते हसले. गाडी काळीच आली, आणि दोन वर्षांत ते गेले.

दसऱ्याला तुमच्या अंगणात सगळी वाहनं ओळीने लावायची, ही त्या घराची जुनी रीत. जुन्या काळी घोडे असतील, आता जीप, ट्रॅक्टर, तुझ्या थोरल्या दिरांची, दादासाहेबांची, पांढरी गाडी आणि शेवटी तुझी काळी. वहिनीसाहेब, म्हणजे तुझ्या थोरल्या जाऊबाई, ताट घेऊन निघाल्या. तूही उठलीस. आणि कुणीतरी, कोण ते तू मला कधी सांगितलं नाहीस, म्हणालं, "तुम्ही आत बसा थोडा वेळ."

एवढंच. त्या घरात मोठ्याने कुणी काही बोलत नाही.

तू आत बसलीस. खिडकीतून बघितलंस. त्या ताटातलं कुंकू तूच केलं होतंस! हळकुंडं लिंबाच्या रसात भिजवायची, टाकणखार घालायचा, सावलीत वाळवायची, कुटायची, वस्त्रगाळ करायची. आपल्या आईची पद्धत. भाऊजी गेल्यावरही अख्ख्या घराचं कुंकू तूच करत होतीस. करायला चालत होतं तुला. लावायला नव्हतं.

पुढच्या वर्षी तू गाडी चालवायला शिकलीस. पन्नाशी उलटलेली बाई, मांडूच्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये चाळीसच्या वर जायला तयार नाही. मी शेजारी बसून ओरडत होतो, "आक्का, इंजिन रडतंय!" आणि तू म्हणायचीस, "रडू दे. माझं कोण ऐकतंय?"

आणि त्या दसऱ्याला सकाळी तू घरी सांगितलंस, बापूला सोनं द्यायला देवासला जाते. मी दुकानात होतो. माझे कान तुला माहीत आहेत. दुकानासमोरून जाणारी गाडी न बघता कुणाची ते मी सांगतो. तुझी गाडी मला मीठा तालाबच्या वळणावरूनच ऐकू आली, कारण देवासात इतका क्लच दाबून कुणीच चालवत नाही. तू उतरलीस, पदराखालून डबी काढलीस, आणि सुमनला म्हणालीस, "वहिनी, तुमची हरकत नाही ना?"

माझी बायको आत गेली. आतून वाटीत पाणी आणलं आणि तुझ्यासमोर धरलं. तू बोट बुडवलंस.

डावीकडून सुरुवात. एक उभी रेघ, एक आडवी, चार पाख्या, चार ठिपके. एक रेघ वाकडी नाही. आणि मी मूर्ख, तोंड उघडलं ते असं: "आक्का, काळा रंग आहे! वर ऊन बघ किती!"

तुला कितीदा सांगितलं असेल मी? बाजारचं कुंकू धुतलं की जातं. तुझ्या घरच्या कुंकवातला लिंबाचा रस आणि टाकणखार, त्यात दसऱ्याचं ऊन, त्यात काळं तापलेलं बॉनेट. दोन तासांत ते वरच्या थरात खाऊन बसतं. लाल रंग पाण्याने निघतो, पण रेघा राहतात. समोरून बघितलं तर काही नाही. उन्हाकडे तिरकं बघितलं की पूर्ण स्वस्तिक, काचेवर कुणी नखाने काढल्यासारखं.

एका वर्षी मी तुला तयार स्टिकर आणून दिला. चांगला, सोनेरी, चिकटवला की झालं. काय म्हणालीस तू? "हा लाव स्वतःच्या कपाळाला!" दुकानातली पोरं आठवडाभर मला स्टिकरवाले सेठ म्हणत होती.

पण दुसऱ्या दिवशी मात्र तू स्वतःच म्हणायचीस, "पुसून टाक रे. धारला दिसायला नको."

मग मी मशीन काढायचो. तू स्टुलावर बसून बघायचीस. कंपाउंड म्हणजे घासायची पेस्ट, लोकरीचं पॅड, मग फोमचं पॅड, मग बारीक पॉलिश. पॅड कोरडं पडलं की त्याचा आवाज बदलतो, जरा खरखरतो. मला तो लगेच कळतो, म्हणून माझ्या हातून आजवर रंग जळला नाही. तू एकदा विचारलंस, "हे जे जातंय ते परत येतं का?" मी म्हटलं, "नाही." तू म्हणालीस, "मग हळू घास."

दोन दिवसांनी तू परत जायचीस आणि बॉनेट असं, की त्यात टेकडीवरचं देऊळ दिसावं. आक्का, बाकी काही असो, एवढं श्रेय मला दे. ट्रक धुणारा पोरगा होतो मी, ए. बी. रोडवर, बादली भाड्याची. आज माझ्याकडे इंदूरहून गाड्या येतात. पण माझं सगळ्यात नाजूक काम कुठलं विचारशील तर ते तुझं. इतक्या वर्षांत धारला कुणाला सुगावा लागू दिला नाही मी. एक रेघ नाही, एक सावली नाही. लोक पॉलिश दाखवायला करून घेतात. मी तुझं लपवायला केलं, आणि असं केलं की कुणाच्या बापाला कळलं नाही.

आता तुझ्यावरचा राग.

तू टीव्ही का लावायचीस? फोन केला की मागे बातम्या, इतक्या मोठ्याने की तुझं बोलणं मला अर्धं समजायचं. "आक्का, आवाज कमी कर." "अरे, रिमोट सापडत नाही." दोन वर्षं रिमोट सापडला नाही! मी सुमनला म्हणायचो, आक्का आता बातम्यांची शौकीन झाली. माझ्या कानांना धाप कळेल, म्हणून तू ते करत होतीस, होय ना? डॉक्टरांनी फुप्फुसाचे फोटो दाखवले तेव्हा मला सगळ्यात आधी तो टीव्ही आठवला. माझ्यापासून लपवायचं काय होतं? मी बिल फाडणार होतो का?

गेल्या दसऱ्याला तू आलीस. स्वस्तिक काढलंस. मधे एकदा थांबलीस, बॉनेटला हात टेकून. मी म्हटलं, तापलंय ते, हात भाजेल. दुसऱ्या दिवशी मी मशीनची वायर सोडली तर तू म्हणालीस, "या वर्षी राहू दे."

"धारला दिसेल ना."

"राहू दे रे, बापू."

त्या रात्री ताप आला. मग इंदूर. मग आयसीयूची ती काच, जिच्या बाहेरून बघायचं. दिवाळीचा आकाशकंदील आम्ही लावलाच नाही. तुला तुझ्याच गाडीतून नेमावरला नेलं, अस्थींचं मडकं अभिच्या मांडीवर होतं. नर्मदेवर ऊन तिरकं पडलं होतं, गाडी घाटाच्या वर उभी होती, आणि मागे वळून बघितलं तर बॉनेटवर तू. अभिलाही दिसलं. तो म्हणाला, "मामा, ये क्या है?" मी म्हटलं, "आईने काढलंय." मग म्हणाला, "घरी कुणाला सांगू नको."

त्यालाही सवय लागलीय बघ, घरी न सांगायची.

मग या दसऱ्याच्या आधी दादासाहेबांचा फोन. "बापूराव, गाडी वर्षभर तुमच्याकडे पडलीय. दसऱ्याला ओळीत लावायची आहे. जरा चकाचक करून पाठवा." गाडी शेवटी त्या घराची. नाही म्हणायला मी कोण? लगेच अभिचा फोन बंगलोरहून. "मामा, ते बॉनेटवालं निकाल देना प्लीज. ताऊजींच्या इथे फालतू इश्यू होईल. आई गेली ना आता, किसको क्या फर्क पडता है?"

मी म्हटलं, "बघतो."

आक्का, काळ्या गाडीला काय लावायचं हे मी लोकांना रोज सांगतो. त्या दिवशी स्वतःला सांगता येईना. आधी मीटर लावला. छतावर रंगाची जाडी एकशे दहा मायक्रॉन. बॉनेटच्या मधोमध पंच्याऐंशी. दर वर्षी तीन-तीन करत आपण दोघांनी तिथला थर संपवत आणला होता. आणखी एकदा कंपाउंड फिरवलं असतं तर तुझं स्वस्तिक गेलं असतं आणि त्याबरोबर वरची चमकही, मधोमध एक मेलेला डाग. तो रस्ता बंद.

दुसरा रस्ता भरणाऱ्या पॉलिशचा. त्यात तेल असतं, बारीक रेघांत जाऊन बसतं. गाडी नवरीसारखी दिसते. चार वेळा धुतली की सगळं परत वर येतं, पण दसरा निघून जातो. सेकंडहँडवाले हेच करतात. वर काळं वॅक्स, म्हणजे रंग घातलेलं मेण, फिरवलं की उरलंसुरलंही झाकलं जातं. अभिला हेच हवं होतं. अर्ध्या तासाचं काम.

तिसरा रस्ता साधा. मऊ फोमचं पॅड, बारीक पॉलिश, हलका हात, आणि फक्त स्वस्तिकाच्या भोवती. वर्षभरात धुळीने, फडक्याने आलेली बारीक ओरखड्यांची जाळी तेवढी काढायची. मग वर खरं मेण, कार्नोबाचं, ज्यात भरणारं तेल नाही, रंग नाही. ते काळ्या रंगाला चमक कमी देतं, पण खोली देतं, विहिरीत वाकून बघितल्यासारखी. आणि खोलीत जे असेल ते सगळं दाखवतं.

मी डबे समोर मांडले. पोराने विचारलं, "सेठ, कौनसा खोलूं?"

तू इतकी वर्षं म्हणालीस, पुसून टाक. मी पुसलं. शेवटी एकदा म्हणालीस, राहू दे. मी शेवटचं ऐकायचं ठरवलं. मेणाचा डबा उघडला. आधी भोवती बारीक पॉलिश, मग मेण, दोन्ही हाताने, मशीन नाही. भोवतालची जाळी गेली तसं तुझं स्वस्तिक आणखी स्पष्ट झालं. तुझ्या बोटाची रुंदी दिसत होती. खालच्या पाखीजवळ रेघ जरा जाड आहे, तिथे तू टेकली होतीस.

दसऱ्याला घाटाबिल्लोद मागे टाकून मी धारला पोचलो तेव्हा ओळ लागली होती. मला शेवटची जागा दाखवली. ऊन उतरत होतं, नेमकं तिरकं. दादासाहेब फेरी मारत आले, खूश होते, आणि थबकले.

"हे काय राहिलंय, बापूराव?"

"निघत नाही."

"तुमच्या हातून? निघत नाही?"

"नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी बॉनेटकडे. शेवटी म्हणाले, "बरं," आणि ट्रॅक्टरकडे गेले. त्या घरात मोठ्याने कुणी काही बोलत नाही.

मग वहिनीसाहेब ताट घेऊन आल्या. थकल्यात गं त्या. सुनेने ताटाला हात दिला होता. कुंकू बाजारचं होतं, पुडीतलं, गुलाबी झाक असलेलं. तुझं संपलं असणार. जीप झाली, ट्रॅक्टर झाला, पांढरी झाली. तुझ्या गाडीसमोर त्या थांबल्या. सूनबाई म्हणाल्या, "मम्मीजी, इथे पहलेसे कुछ है. बाजूला काढा ना."

वहिनीसाहेबांनी बोट बुडवलं आणि तुझ्याच रेघेवर ठेवलं. डावीकडून. उभी, आडवी, पाख्या. तुझ्या रेघेबाहेर एक थेंब गेला नाही. आणि अगदी हळू, ताटातल्या वातीला ऐकू जाईल इतकंच बोलल्या. माझे कान, म्हणून मला ऐकू आलं.

"हात कसा सरळ होता हो हिचा."

सगळे आत गेल्यावर मी त्यांना फाटकाजवळ गाठलं. म्हटलं, "वहिनीसाहेब, तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी मान डोलावली.

"मग तिला इथे का नाही बोलावलं कधी? एकदा तरी? ती दर वर्षी चोरासारखी देवासपर्यंत यायची."

"बोलावणारी मी कोण, बापूराव?" त्या म्हणाल्या. "उद्या हे गेले, तर ताट सूनबाईच्या हातात. मग मीही आतच बसणार."

आक्का, तुला उत्तर सुचलं असतं. काहीतरी तिखट बोलली असतीस आणि मग दोघी रडला असतात. मी गाडीची किल्ली त्यांच्या हातात दिली आणि बसने परत आलो.

एक सांगतो. घरी आल्यावर सुमनला आणि मुलांना समोर बसवलं आणि सांगितलं, मी गेल्यावर तुमच्या आईच्या कपाळाला कुणी हात लावणार नाही. तिने लावायचं की नाही, ते ती बघेल. पुढच्या दसऱ्याला आपल्या शेडमध्ये कुंकू घरचं असेल. सुमन कुटेल, टाकणखार मी आणेन, आणि ज्या बाईला आपल्या गाडीवर काढायचं असेल ती काढेल. विचारायचं नाही कोण, कुठली, नवरा आहे का. दुसऱ्या दिवशी मी रेघा काढून देईन, ती म्हणाली तरच. नाही म्हणाली तर राहू देईन. हा शब्द तुला देतो, आणि तो मोडला तर मला स्वप्नात येऊन ओरड, टीव्ही न लावता.

आता राहिलं ते वहिनीसाहेबांना कळलं कसं. निघताना मी तेही विचारलं होतं. मला वाटलं, तू सांगितलं असशील, किंवा नखात कुंकू राहिलं असेल. त्या म्हणाल्या, "पहिल्याच वर्षी कळलं. देवासहून ती परत आली तेव्हा सगळी गाडी धुळीने भरलेली होती, बापूराव. बॉनेट तेवढं चमकत होतं."

तुझा,
बापू